क्लाइव्ह पेनहॅलो टेकडी चढतो

पोर्ट टॅलिसमध्ये फोर-व्हील ड्राइव्ह गाडी नसलेलं घर सापडणं कठीण होतं, आणि ती असूनही एकदाही वाळूत न घातलेला माणूस गावात एकच होता. त्याचं नाव क्लाइव्ह पेनहॅलो.

क्लाइव्हचं मुख्य रस्त्यावर चष्म्यांचं दुकान होतं. त्याची गाडी उंच, पांढरीशुभ्र आणि दर शनिवारी धुतलेली असे. गियरच्या शेजारी चारही चाकांना जोर देणारा एक आखूड दांडा होता. त्यावर टोपी ठेवता येते, यापलीकडे क्लाइव्हला त्याचा उपयोग माहीत नव्हता. गावाच्या दक्षिणेला वाळूच्या टेकड्यांची रांग आणि तिच्यापलीकडे टिन हटचा किनारा. अख्खं गाव रविवारी गाड्या घेऊन तिकडे जायचं. क्लाइव्ह म्हणायचा, "चष्म्याच्या धंद्यातल्या माणसानं वाळूपासून लांब राहावं. एक कण काचेवर घासला की संपलं." हे इतक्या गंभीरपणे सांगितलेलं असे की नवीन माणसाला खरं वाटायचं.

शेजारचा रॉस नित्श्के मात्र नवीन नव्हता. तो पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाला होता आणि तेव्हापासून दोन घरांमधल्या कुंपणावर कोपरं टेकून उभा होता. नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या परसात सगळे जमले असताना, शेगडीवरचे सॉसेज उलटता उलटता तो म्हणाला, "क्लाइव्हच्या गाडीनं आजवर चढलेला सगळ्यात उंच डोंगर कुठला, माहितीये का? सुपरमार्केटच्या पार्किंगमधला गतिरोधक!"

सगळे हसले. ते ठीक होतं. पण ग्लेनिसही हसली. बायको हसल्यावर माणसाच्या हातून काय होईल सांगता येत नाही. क्लाइव्हच्या हातात पावात गुंडाळलेला सॉसेज होता. तो तलवारीसारखा वर करून त्यानं जाहीर केलं, "एनिडच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी सगळ्यांना टिन हटला नेणार आहे. टेकड्यांवरून. माझ्या गाडीतून!"

त्याची अपेक्षा अशी होती की कुणीतरी म्हणेल, "अरे, कशाला एवढा त्रास?" मग तो दोनदा आग्रह करणार आणि तिसऱ्यांदा ऐकणार. पण एनिडबाईंनी, म्हणजे त्याच्या सासूबाईंनी, हातातली ताटली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "केक पॅशनफ्रूटचा हवा. गेल्या वर्षीसारखा अननसाचा नको."

झालं. आता माघार नव्हती.

एक गोष्ट इथेच सांगितलेली बरी. एनिडबाईंनी लायनेलबरोबर, म्हणजे नवऱ्याबरोबर, टिन हटला कित्येक वर्षं मासे धरले होते. लायनेल गेले, मग बाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि वाळूतून चालत जाणं कायमचं बंद झालं. त्यात वसंतात क्लाइव्हनं स्वतःच्या दुकानातल्या यंत्रावर त्यांचे डोळे तपासले होते. नजरेच्या मधोमध डाग पडायला लागले होते आणि ते वाढणार होते. ॲडलेडच्या मोठ्या डॉक्टरनंही तेच सांगितलं. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि त्यावर बोलायचं नाही असा बाईंचा हुकूम होता. त्यामुळे क्लाइव्ह रात्री उशीवर डोकं टेकून "आपण हे काय बोलून बसलो" असं पुटपुटायचा तेव्हा ग्लेनिस एवढंच म्हणायची, "बोललास ते चांगलं केलंस. आता गाडी चालवायला शीक."

शिकवायला अख्खं गाव तयार होतं. वाळूवर जाताना टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही, एवढ्यावर सर्वांचं एकमत होतं. किती कमी, यावर पोर्ट टॅलिसमध्ये दोन पंथ होते. नित्श्के सोळा पौंड दाबाचा. चष्म्याच्या दुकानाशेजारचा औषधवाला अठराचा. दोन्ही पंथांचे लोक एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला जात, पण हा विषय निघाला की आवाज चढत. "अठरा?" नित्श्के किंचाळला. "अरे, अठरावर बसून तू रस्त्यानं सिडनीला जा! वाळूत कशाला येतोस?" औषधवाला गोळ्यांची पुडी बांधत थंडपणे म्हणाला, "सोळावर टायर रिमवरून निसटला की रॉसलाच फोन कर म्हणावं." क्लाइव्हनं विचार करून सतरा ठरवले. त्यामुळे दोघेही त्याच्याशी आठवडाभर बोलेनात.

एका सकाळी त्यानं घराच्या दारातच चारही टायरांची हवा काढली. गुडघे टेकून, मापयंत्र लावून, अगदी डोळ्यात औषध घालावं तसं. उठून उभा राहतो तर कुंपणावर नित्श्के.

"हे काय केलंस?"

"हवा काढली. सतरा."

"इथं? अरे देवा! हवा वाळूच्या तोंडाशी गेल्यावर काढायची. डांबरी रस्त्यावर या टायरांवर पळालास तर ते तापून फाटतील!"

"मग सांगताना 'तिथे गेल्यावर' हे शब्द वापरायचे होतेस, रॉस."

"ते काय सांगायला लागतं?"

हवा परत भरायचा नवा पंप क्लाइव्हनं गाडीतल्या खोबणीत खुपसला. पंप एकदा शिंकला आणि गाडीचा फ्यूज घेऊन गेला. शेवटी ग्लेनिसच्या सायकलचा पायपंप निघाला. एका प्रतिष्ठित दुकानदारानं आपल्याच दारात, आपल्याच गाडीभोवती, पायाखाली पंप दाबत फिरावं आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं "व्यायाम का?" विचारावं, हे दृश्य गावानं दुपारपर्यंत पाहिलं. ग्लेनिसनं मधून मधून चहा आणून दिला. हसली नाही. पण चहा देताना ती सारखी दुसरीकडे बघत होती.

मग आला झेंडा. टेकडीपलीकडून येणाऱ्याला आपली गाडी आधी दिसावी म्हणून पुढच्या बाजूला एका उंच लवचिक काठीवर नारिंगी झेंडा लावायचा असा नियम. नियम चांगलाच होता. पण ती काठी लावून क्लाइव्ह सुपरमार्केटच्या छपराखालच्या पार्किंगमध्ये शिरला, आणि बाहेर पडला तेव्हा छपराला टांगलेला कापडी फलक काठीत अडकून बरोबर आला. अख्ख्या मुख्य रस्त्यावरून 'आज ताजी कोळंबी' फडकवत तो स्वतःच्या दुकानापर्यंत गेला. लोक हात हलवत होते. आपल्या धाडसाची बातमी पसरली, असं समजून त्यानंही हात हलवले. दुपारी दोन गिऱ्हाइकं दुकानात येऊन कोळंबीचा भाव विचारून गेली तेव्हा त्याला खुलासा झाला.

राहता राहिला परवाना. नगरपरिषदेच्या खिडकीवर कॅरल नावाच्या बाई होत्या. त्यांच्या नाकावरचा चष्मा क्लाइव्हच्याच दुकानातला, त्यामुळे काम पटकन होईल अशी त्याला आशा होती.

"किनाऱ्यावर सध्या पक्ष्यांची घरटी आहेत," कॅरलबाई म्हणाल्या. "काळ्या डोक्याचे चिमुकले पक्षी. उघड्या वाळूत अंडी घालतात. तेव्हा भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत गाडी न्यायची नाही."

"बरं. मग ओल्या वाळूतून नेतो."

"पाण्यातूनही न्यायची नाही."

"मग कुठून?"

"मधून."

"मध्ये जागा किती असते?"

"ते भरती-ओहोटीवर आहे. कधी भरपूर असते." बाईंनी शिक्का उचलला. "कधी नसते."

"नसेल तेव्हा काय करायचं?"

"नसेल तेव्हा जायचं नाही, क्लाइव्ह. आणि हा चष्मा कानामागे टोचतो हं. येऊन जाईन."

वाढदिवस रविवारी आला. आकाश निळं, वारा बेताचा, ओहोटी दुपारी. मागच्या सीटवर पांढरी टोपी घालून एनिडबाई. त्यांच्याशेजारी घडीची खुर्ची, बर्फाची पेटी, फावडं आणि रुतल्यावर चाकाखाली घालायच्या दोन खडबडीत फळ्या. पुढे ग्लेनिस, मांडीवर पॅशनफ्रूटचा केक. नित्श्के आपल्या गाडीतून मागून निघाला होता. "योगायोगानं," तो म्हणाला, "मीही तिकडेच चाललोय."

वाळूच्या तोंडाशी क्लाइव्हनं टायरची हवा काढली, दांडा ओढला, आणि नित्श्के खिडकीशी येऊन शेवटचे धडे देऊन गेला. "सरळ चढायचं, सरळ उतरायचं. टेकडीवर गाडी आडवी केलीस तर लोळशील. चढ जमला नाही तर वळायचं नाही, तसाच मागे ये. उतारावर करकचून ब्रेक नाही. आणि चढताना जोर सोडायचा नाही!"

पहिली टेकडी. क्लाइव्हनं अर्ध्यातच जोर सोडला. गाडीनं उसासा टाकला आणि थांबली. तो वळला नाही, तसाच मागे आला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ग्लेनिस म्हणाली, "क्लाइव्ह, तू ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवतोयस, जणू खाली मांजर झोपलंय." त्यानं मांजराचा विचार सोडला आणि पाय दाबला. गाडी गर्जना करत वर गेली, पलीकडे अलगद उतरली, आणि मागच्या सीटवरून टाळ्या ऐकू आल्या.

इथेच घात झाला. माणसाला एखादी गोष्ट एकदाच जमलेली असते तेव्हा तो सर्वांत धोकादायक असतो. दुसरी टेकडीही पार झाली. क्लाइव्हनं खिडकीत कोपर ठेवलं, शीळ घातली, आणि शेवटच्या, सगळ्यात उंच टेकडीवर गाडी घातली. ती सुसाट चढली. नेमकी माथ्यावर पोचताच त्याच्या मनात आलं, पलीकडे काय आहे ते दिसत नाही. जबाबदार माणसानं पाहून घ्यावं. आणि तो पाहायला थांबला.

गाडी मऊपणे पोटावर बसली. पुढची चाकं समुद्राकडे लोंबकळली, मागची गावाकडे. क्लाइव्हनं जोर दिला. चारही चाकं मोठ्या उत्साहानं फिरली आणि चारही दिशांना वाळू उडाली. गाडी तसूभर हलली नाही, फक्त सी-सॉसारखी एकदा डुलली. केक ग्लेनिसच्या मांडीवरून हनुवटीपर्यंत जाऊन परत आला.

"पोचलो का?" एनिडबाईंनी विचारलं.

"जवळजवळ," क्लाइव्ह म्हणाला.

आता त्या वाटेवर दुसरा रस्ता नव्हता. एकेरी चाकोरी, दोन्ही बाजूंना झुडपं आणि तारेचं कुंपण. दोन्ही उतारांच्या पायथ्याशी गाड्या जमायला लागल्या. आणि टेकडीच्या टोकावर, साऱ्या मुलखाला दिसेल अशी, वर नारिंगी झेंडा फडकत असलेली ती पांढरीशुभ्र गाडी. लोक वर चढून आले. प्रत्येकानं आधी गुडघ्यावर हात ठेवून गाडीखाली पाहिलं, मग शीळ घातली, मग सल्ला दिला. पुढे ओढा. मागे ओढा. हवा अजून काढा. एकानं विचारलं, "टायर कितीवर आहेत?" "सतरा," क्लाइव्ह म्हणाला. गर्दीत हळहळ पसरली. मग सोळावाले एका अंगाला झाले, अठरावाले दुसऱ्या अंगाला, आणि तिथल्या तिथे सभा सुरू झाली.

नित्श्के धापा टाकत वर आला. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की क्लाइव्हला वाळूत तोंड खुपसावंसं वाटलं.

"माथ्यावर थांबलास?"

"बघायला थांबलो."

"काय दिसलं?"

क्लाइव्हनं किनाऱ्याकडे पाहिलं. त्याला समुद्र दिसत होता आणि पाणी भरतीकडे वळायला लागलेलं दिसत होतं. अजून तासभर इथेच गेला की ती कॅरलबाईंची मधली जागा उरणार नव्हती. मग सासूबाईंना घेऊन तसंच घरी परतायचं, आणि पुढच्या वर्षी त्यांना काय दिसणार होतं, हे त्या गर्दीत फक्त त्यालाच नेमकं माहीत होतं. तो गाडीमागे गेला, फावडं काढलं आणि एकटाच पोटाखालची वाळू उपसायला लागला. दुकानातला धुवट सदरा, डोक्यात वाळू, चष्म्याच्या काचांवर वाळू. एकदाही चष्मा पुसला नाही.

एवढ्यात ग्लेनिसनं आईला हात देऊन उतरवलं आणि घडीची खुर्ची माथ्यावर, गाडीच्या सावलीत उघडली. बाई ऐसपैस बसल्या. टोपी सारखी केली, मान जराशी तिरकी केली. अलीकडे त्यांना तिरकं पाहिलं की बरं दिसे. त्यांनी भांडणाऱ्या लोकांकडे मोर्चा वळवला.

"ए, सोळा! आणि तो कोण, अठरा! मी ऐंशी. मी सगळ्यांहून मोठी आहे. तेव्हा बोलणं बंद, आणि माझ्या जावयाला हातभार लावा. केक उकरलेल्या वाळूच्या हिशोबानं मिळेल."

मग काय विचारता! गुडघे टेकले गेले. कुणी हातांनी, कुणी कुत्र्याच्या भांड्यानं, एकानं तर सर्फिंगच्या तुटक्या फळीनं वाळू ओढली. खालच्या गाड्यांतून थंड बाटल्या वर आल्या, कुणाच्या डब्यातून खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक आले. बाईंनी बसल्या जागी केक कापला. अनोळखी लोकांनी वाढदिवसाचं गाणं इतक्या वेगवेगळ्या पट्ट्यांत म्हटलं की झुडपातले पक्षी उडाले. नित्श्के पोटावर झोपून गाडीखालून ओरडत होता, "केक माझ्यासाठी ठेवा रे!"

शेवटी फळ्या पुढच्या चाकांखाली गेल्या. बाईंना सीटवर बसवलं. दहाबारा जण मागून टेकले. "पहिला गियर," नित्श्के म्हणाला. "हळू. आणि सुटलास की ब्रेकला हात नाही लावायचा."

"पाय," क्लाइव्ह म्हणाला.

"तोही नाही."

गाडी कुरकुरली, हलली, नाक खाली गेलं, आणि समोर काचेत नुसती वाळू आणि पाणी. क्लाइव्हचा उजवा पाय ब्रेककडे निघाला. "पाय काढ!" ग्लेनिस ओरडली. त्यानं दोन्ही पाय वर उचलून पोटाशी घेतले. योगासनाच्या त्या स्थितीत, स्टिअरिंग सरळ धरून, क्लाइव्ह पेनहॅलो पोर्ट टॅलिसची सर्वांत उंच टेकडी उतरला. गाडी स्वतःच्याच गतीनं, एखाद्या समजूतदार म्हशीसारखी, खाली आली आणि किनाऱ्यावर उभी राहिली. वर माथ्यावर टोप्या उडाल्या.

मधली जागा अजून शिल्लक होती, जेमतेम. एका बाजूनं ग्लेनिस, एका बाजूनं क्लाइव्ह, असं धरून त्यांनी बाईंना पाण्यात नेलं. लाट घोट्यावरून गेली तेव्हा बाईंनी "आई गं, किती गार!" म्हणून दोघांचे हात करकचून दाबले आणि लहान मुलीसारख्या हसल्या. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या.

"दिसतंय का?" क्लाइव्हनं न राहवून विचारलं. हुकूम मोडला होता, पण बाई रागावल्या नाहीत.

"इथून काय, नुसतं पाणी," त्या म्हणाल्या. "चकाकतंय, एवढंच कळतं. वरून मात्र खूप दिसत होतं. अख्खा उपसागर. त्या टोकापासून या टोकापर्यंत. खडकाला फेस फुटत होता. लायनेलबरोबर मी शंभरदा आले असेन, पण वर कधी थांबलो नाही. त्याला मासे दिसायचे, मला डबा." मग माथ्याकडे वळून, "तू अडकलास म्हणून पाहिलं."

क्लाइव्हनं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. सदऱ्यालाही वाळूच होती.

पाणी वर सरकू लागलं, तशी माणसं परतू लागली. चढाआधी बाईंनी ग्लेनिसला मागे पाठवलं आणि स्वतः पुढच्या सीटवर बसल्या. क्लाइव्हनं दांडा तपासला, सरळ रेषा धरली, पाय दाबला. यावेळी मांजर नाही, थांबणं नाही, काही नाही. गाडी एका दमात चढली, माथ्यावर क्षणभर झुलली, आणि नदीच्या पाण्यासारखी पलीकडे उतरली. इतकं सुंदर त्याला आयुष्यात जमलं नव्हतं. पायथ्याला सपाटीवर येऊन त्यानं अभिमानानं शेजारी पाहिलं.

बाई मान मागे वळवून बसल्या होत्या. टेकडीच्या माथ्यामागे आकाश केशरी व्हायला लागलं होतं.

"छान चालवलीस," त्या म्हणाल्या. "सूर्य मात्र मागे राहिला."

क्लाइव्हनं सपाटीवर, नियमाप्रमाणे, गाडी पूर्ण वळवली. झेंडा सरळ आहे ना ते पाहिलं. आणि पुन्हा टेकडी चढला, सरळ, जोर न सोडता. ऐन माथ्यावर त्यानं पाय उचलला. गाडी मऊपणे पोटावर बसली. त्यानं इंजिन बंद केलं.

समोर सूर्य पाण्याला टेकत होता. बाईंनी मान तिरकी केली, एकदा इकडे, एकदा तिकडे, जिथून जास्तीत जास्त दिसेल ती जागा सापडेपर्यंत. मग हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसल्या.

खालून, समुद्राच्या बाजूनं, हॉर्न वाजला. किनाऱ्यावरून सगळ्यांत शेवटी निघालेला नित्श्के टेकडीच्या पायथ्याशी येऊन थांबला होता. खिडकीतून डोकं काढून तो ओरडला, "क्लाइव्ह! काय झालं?"

क्लाइव्हनं काच खाली केली. "अडकलो!"

"परत? माथ्यावर थांबलास?"

"थांबलो."

"अरे, मी किती वेळा सांगितलं तुला!"

"सांगितलं होतंस, रॉस," क्लाइव्ह ओरडून म्हणाला. "माझंच चुकलं. तू गाडी जरा डावीकडे घे. मध्ये येतोयस."